आधी दारातून

दारात कोणीतरी येऊन थांबलं तसा मी झोपेतच सरळ बसलो आणि पोट आत घेतलं. जुनी सवय. पावलं दारापर्यंत येतात, थांबतात, आत येत नाहीत, आणि तेवढ्या वेळात आपल्याला कोणीतरी पाहत असतं. इतकी वर्षं हे रोज घडलं की अंगाला ते पाठ झालं आहे, मला विचारायची त्याला गरज पडत नाही. आता ती म्हणेल, ‘जेवला नाहीत ना,’ असं वाटलं, आणि मी मनातल्या मनात उत्तरही तयार केलं. मग बुडबुड्यांचा आवाज कानावर आला. भिंतीवरच्या बाटलीत पाण्यातून हवा जात होती आणि तिथून नळीने माझ्या नातीच्या नाकात. म्हणजे हे घर नव्हतं. हा लहान मुलांचा वॉर्ड होता, दुपार होती, आणि बायकोला जाऊन एक हिवाळा उलटला होता. मी डोळे उघडले. दारात एक सिस्टर उभी होती. एक हात चौकटीवर, एक पाय आत, एक बाहेर. ती आत येत नव्हती. ती पाहत होती.

खोली लहान, पडदे पिवळे. त्या पडद्यांमुळे दुपार असूनही सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात भर म्हणून भिंतीवर कोणीतरी मासे रंगवलेले. एका माशाला पापण्या होत्या. सकाळी मी तो भिंगरीला दाखवला होता, पण तिने पाहिलं नाही. भिंगरी म्हणजे माझी नात. तिचं खरं नाव मोठं आणि छान आहे, पण ती चालायला लागली तेव्हापासून एका जागी थांबलेली कोणी पाहिली नाही, म्हणून तिच्या आजीने तिला भिंगरी केलं आणि तेच राहिलं. तिची छाती भरली होती. दोन दिवस घरी औषधं झाली, मग काल इथे आणली. रात्रभर तिच्या छातीतून शिट्टी येत होती, बारीक, लांब, प्रत्येक श्वासाला. वाफेच्या औषधाचं नळकांडं तोंडाजवळ नेलं की ती दोन्ही हातांनी ढकलायची, पाय झाडायची, आईचे केस ओढायची. दुपारी जेवणाच्या वेळेनंतर ती ढकलायची थांबली. मग शिट्टीही थांबली. तिचा हात आईच्या मांडीवर सैल पडला आणि माझ्या मुलीने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. ती किती दिवसांनी हसली. मी पण हसलो. ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून डोळे मिटून बसली आणि मी खुर्चीत मागे रेललो. यंत्रावर ऑक्सिजनचा हिरवा आकडा होता, आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याहून तो कमी नव्हता. बुडबुडे चालले होते. मला वाटलं, सुटलो.

मी त्या सिस्टरकडे पाहत राहिलो. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, मागून व्हरांड्याचा उजेड येत होता. नुसती उभी राहण्याची तऱ्हा दिसत होती, आणि ती माझ्या ओळखीची होती. आमचं लग्न झालं त्या पहिल्या वर्षात मला वाटायचं की हिला चपलेचा बंद सोडायला वेळ लागतो. तीही मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. ड्यूटीवरून यायची, एक चप्पल काढायची, दुसरी तशीच, चौकटीवर हात, आणि उभी. मी आत काही ना काही करत बसलेला. घरात माझी एक मोठी बहीण होती तेव्हा, ती म्हणायची, ‘अगं, पाहुणी आहेस का? आत ये की.’ बायको हसायची, पण थांबायची तेवढी थांबायचीच. मग आत येऊन कोपरापर्यंत हात धुवायची आणि हात पुसता पुसता काहीतरी सांगायची. डोकं दुखतंय तुमचं. कोणाशी तरी भांडून आलात. पाठ धरली आहे, आज काय उचललं? ती हे विचारायची नाही, सांगायची, आणि ते खरं असायचं. शेवटी एकदा मी म्हटलं, हे काय आहे तुझं दारातलं? तेव्हा तिने सांगितलं. मूल असतं ना, ते आपण जवळ गेलो की आपल्याकडे बघतं. घाबरतं, रडतं. रडलं की श्वास बदलतो, रंग बदलतो, पोट ताठ होतं, मग सगळंच बिघडतं आणि त्यातलं आजाराचं किती आणि आपल्या भीतीचं किती, कळत नाही. म्हणून आपण आलोय हे त्याला कळायच्या आत ते जसं आहे तसं पाहून घ्यायचं. आधी दारातून. हात नंतर लावायचा. ‘बरं,’ मी म्हटलं, ‘पण मी काय मूल आहे?’ ‘तुम्ही जास्त सोंग करता,’ ती म्हणाली. ‘मूल नुसतं रडतं. तुम्ही पोट आत घेता.’ आणि मग म्हणाली की पोट आत घेऊन काही उपयोग नाही, ते तिला जिन्याच्या वळणावरूनच दिसतं.

सिस्टर अजून दारातच होती. हे सगळं आठवायला मला किती वेळ लागला असेल? काहीच नसेल लागला. तेवढ्या वेळात यंत्रावरचा आकडा एकदाही बदलला नव्हता. आठवण बाहेरच्या घड्याळाने चालत नाही, हे बायको गेल्यापासून मला कळलं आहे. डबा उघडून पहिला घास तोंडात घालेपर्यंत मी तिच्याबरोबर एक अख्खी सुट्टी काढून येतो. दुकानातली पोरं म्हणतात, काका हरवले. माझं काम पंपांचं. इमारतींच्या टाक्या भरणारे, कारखान्यांतले, जमिनीखाली पाण्यात सोडलेले, सगळ्या जातींचे पंप मी खोलले आणि जोडले. तिच्यापुढे मी एकदा बढाई मारली होती की मीही पंपाला हात लावायच्या आधी लांबून ऐकतो. तिने ते फार गंभीरपणे घेतलं. म्हणाली, मग सांगा, बिघडलेला कसा ओळखता? मी म्हटलं, जो घरघरतो, धडधडतो, त्याचं मला फार वाटत नाही, तो निदान काम करतोय. पण पंपाने हवा धरली की तो पाणी ओढत नाही, नुसता फिरतो, आणि त्याचा आवाज एकदम हलका होतो, गोड होतो. नवशिका खूष होतो, म्हणतो, वा, किती छान चालायला लागला. तिने तेव्हा हातातलं भांडं खाली ठेवलं. ‘अगदी असंच,’ ती म्हणाली. ‘अगदी असंच असतं हो.’ त्या दिवशी वॉर्डात काय झालं होतं, तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता सिस्टर आत आली. बुटांचा आवाज न करता. ती यंत्राकडे गेलीच नाही. पलंगापाशी वाकली आणि भिंगरीचा झगा हळूच वर केला, नुसतं पाहायला. मीही पाहिलं. मघापासून मी त्याच पलंगाकडे पाहत होतो, पण आता तिच्या नजरेच्या मागे मागे माझी नजर गेली आणि मला दिसलं की फासळ्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते आहे, गळ्याच्या खालच्या खळग्यातही खड्डा पडतो आहे, आणि प्रत्येक श्वासाला भिंगरीचं डोकं थोडं हलतं आहे, कोणाला तरी हो म्हटल्यासारखं. आवाज मात्र काहीच नाही. सिस्टरने तळहातावर घासून स्टेथोस्कोप गरम केला आणि छातीला लावला. एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, पाठीला. मग तिने भिंगरीच्या तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली, जरा जोरात.

माझी मुलगी दचकून उठली. ‘अहो सिस्टर! काय करताय? आत्ता कुठे झोप लागली आहे तिला.’

‘ताई, एक मिनिट.’

‘एक मिनिट काय? दोन रात्री डोळा नाही लागलेला पोरीचा. प्लीज. जे काय औषध द्यायचं ते उठल्यावर द्या.’

‘झोपलेली नाही ती,’ सिस्टर म्हणाली. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. ‘दमली आहे.’

‘तेच म्हणतेय ना मी. दमली म्हणून झोपली.’

‘नाही ताई. श्वास घेऊन दमली आहे.’

‘आकडा तर बरोबर आहे ना? सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, एवढा असला की काळजी नाही. शिट्टी पण बंद झाली. बघा ना, ऐका ना.’

‘ऐकलं. हवाच फिरत नाहीये आत, म्हणून बंद झाली. आकडा नळीतल्या ऑक्सिजनने टिकलाय. मला हे काही बरं दिसत नाही.’ आणि तिने भिंगरीच्या खांद्याखाली हात घालून तिला बसतं करायला सुरुवात केली, दुसरा हात भिंतीवरच्या घंटेकडे.

मुलीने तो हात धरला. रागाने नव्हे, पण धरला. माझी मुलगी भांडखोर नाही. जावई बोटीवर असतो, सहा सहा महिने समुद्रात, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. काल रात्री सुई टोचायला कोणी आलं आणि पहिल्यांदा शीर सापडली नाही, दुसऱ्यांदाही नाही, आणि ती नुसती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. तेव्हाचं सगळं आत्ता वर आलं असावं. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘सांगा ना यांना. जरा झोपू दे म्हणावं.’

‘मला हे काही बरं दिसत नाही.’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं होतं. शब्दसुद्धा तेच. एकदा आमच्या मजल्यावर नवं कुटुंब राहायला आलं होतं, त्यांचं तान्हं बाळ. सगळा मजला त्या बाळाचं कौतुक करायचा, किती शहाणं, रडतच नाही. त्याची आई एकदा आमच्या दारात त्याला घेऊन उभी होती, गप्पा चालल्या होत्या, आणि बायको बोलता बोलता थांबली. समोरची बाई बोलत होती आणि हिचं लक्ष नव्हतं. ही बाळाच्या ओठांकडे पाहत होती. मग तिने ते वाक्य म्हटलं, सगळ्यांसमोर, आणि म्हणाली, आत्ता दाखवा, उद्या नको. त्या बाईला केवढा राग आला. नजर लावली म्हणाली. पण तिचा नवरा बाळाला घेऊन गेला, आणि हृदयात काहीतरी निघालं, आणि वेळेवर निघालं. त्या लोकांनी पुढे घर बदललं. जाताना त्या बाईने बायकोशी बोलणं टाळलं. मला फार लागलं होतं ते. बायको मला म्हणाली, ‘अहो, माझं काम बरोबर झालं की काहीच होत नाही. मूल उठतं आणि खेळायला जातं. काहीच न झाल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानतं का?’ तो मुलगा आता मोठा झाला असेल. कुठेतरी सायकल चालवत असेल. त्याला माहीत नसेल की तो एका दारात ओळखला गेला होता.

‘बाबा!’

मी उठलो. गुडघे दुखले. मला मुलीची कणव आली, तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि मी जे म्हणणार होतो ते तिला कसं लागेल हे मला माहीत होतं. चुकलो तर नातीची झोप मोडली, एवढंच. पण ती सिस्टर बरोबर असली आणि मी मुलीचं ऐकलं तर? मी पुन्हा भिंगरीकडे पाहिलं. तिला बसती केली होती, अनोळखी बाईने, परक्या हातांनी, आणि तिने त्या हातांना ढकललं नव्हतं. डोळे अर्धवट उघडे होते. आई समोर होती आणि ती आईकडे पाहत नव्हती. पंप हलका चालला होता.

‘सोड त्यांचा हात,’ मी म्हणालो. ‘बघू दे त्यांना.’

मुलीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. हात तिने सोडला. म्हणाली, ‘तुम्ही पण ना. कायम आईच्याच बाजूचे.’

खोलीत तिची आई नव्हती. आम्हा दोघांनाही ते त्या क्षणी आठवलं नाही.

मग सगळं भराभर झालं, आणि तरीही मला ते संथ आठवतं, पाण्यात चालल्यासारखं. घंटेला दुसरी एक सिस्टर आली, तिच्यामागे चष्मेवाले डॉक्टर, तोंडात अजून घास. सिस्टरने त्यांना काय सांगितलं ते दोनच वाक्यांचं होतं. डॉक्टरांनी वाद घातला नाही, आकड्याकडे बोटही दाखवलं नाही. त्यांनी भिंगरीच्या छातीवर हात ठेवला, कान दिला, आणि म्हणाले, ‘चला, वर आयसीयूत नेऊ या. औषध शिरेतून सुरू करा.’ पलंगाच्या चाकांचे खटके उघडले. पलंग दारातून निघताना माशाच्या पापण्यांवरून सरकत गेलेली त्याची सावली मला आठवते. डॉक्टर माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, ‘आजोबा, आमच्या या सिस्टर दारात थांबल्या की मीही थांबतो. अजून पश्चात्ताप झालेला नाही.’ आणि धावत पलंगामागे गेले.

वरच्या मजल्यावर एक बाक होता. आम्ही दोघं त्यावर बसलो. समोर दुहेरी दार, त्याला गोल काच, काचेतून नुसती पांढरी भिंत दिसायची. मुलगी रडली नाही. ती भिंगरीची एक चप्पल हातात धरून बसली होती, दुसरी खाली राहिली होती. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, ‘मला आईचा राग यायचा, माहीत आहे तुम्हाला?’ मला माहीत होतं. ‘मी शाळेतून यायचे, ती आधी घरी असली तर मी धावत जायचे. आणि ती असा हात करायची, थांब. आधी बघायची मला, डोक्यापासून पायापर्यंत. मग जवळ घ्यायची. बाकीच्या मुलींच्या आया आधी जवळ घ्यायच्या, बाबा. बघायच्या नंतर, नाहीतर बघायच्याच नाहीत.’ मी म्हटलं, ‘तू एकदा परीक्षा चुकवायला पोट दुखतंय म्हणून झोपली होतीस.’ ती हसली, नाकातून. ‘ऊठ म्हणाली दारातूनच. म्हणाली, पोट दुखणारं मूल असं पाय पसरून झोपत नाही, पाय पोटाशी घेतं. मी म्हटलं, आता घेऊ का? म्हणाली, आता उशीर झाला, दप्तर घे.’ आम्ही दोघं हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण त्या दारामागे काय चाललं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. ‘मी तिला एकदा म्हटलं होतं,’ मुलगी म्हणाली, ‘की तू आई नाहीस, तपासनीस आहेस. ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. आणि आज त्या बाईने दारातून बघितलं ते मी माझ्याच मुलीकडे बघितलं नाही. मी तिचा हात मांडीवर घेऊन बसले होते, बाबा. एवढी जवळ होते.’

‘मीही होतो,’ मी म्हटलं. ‘मी तर हसलोसुद्धा.’

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. संध्याकाळ व्हायला लागली होती. व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती, तिच्यातून लांबट उजेड यायचा आणि कोणी गेलं की मोडायचा. मला बायकोचे शेवटचे दिवस दिसत होते. तिला घरी आणलं होतं. खिडकीजवळ तिचं अंथरूण, आणि आता दारात मी. दुकानातून यायचो, एक चप्पल काढायचो आणि चौकटीला हात लावून उभा राहायचो. आपणही पाहावं, आपल्यालाही काही कळावं. ती डोळे न उघडता म्हणायची, ‘या आत. मी रडणार नाही.’ एकदा म्हणाली, ‘काय दिसतंय, सांगा.’ मी म्हटलं, ‘तू.’ ‘अजून?’ मी खूप पाहिलं. श्वास पाहिला, हात पाहिले, रंग पाहिला, मला काही कळेना. मी म्हटलं, ‘चादर एका बाजूला सरकली आहे.’ ‘छान,’ ती म्हणाली, ‘शिकताय.’ आणि इतकी हसली की तिला धाप लागली. त्यानंतर मी चादर सारखी करत राहिलो. दुसरं काही मला येत नव्हतं. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, माणूस गेलं. मला वाटलं, नुसतं माणूस नाही गेलं, पाहणं गेलं. मी आता घरी येतो तेव्हा खुर्चीत कोणी नसतं आणि दारातही कोणी नसतं. मी दार उघडून सरळ आत जातो, दिवा लावतो. पोट आत घ्यायचं कारण उरलेलं नाही.

गोल काचेच्या दारातून ती सिस्टर बाहेर आली. तिची ड्यूटी संपली असावी, कारण अंगावर साधे कपडे होते, खांद्याला पिशवी. तरी ती वर आली होती. आम्ही दोघं उभे राहिलो. ती म्हणाली, ‘हवा फिरायला लागली. शिट्टी परत आली आहे.’ माझी मुलगी घाबरली. ‘परत आली?’ ‘अहो, चांगलं आहे ते ताई. शिट्टी यायलाच हवी. आणि मघाशी डॉक्टरांचा चष्मा ओढला तिने.’ तेव्हा माझी मुलगी रडली. त्या सिस्टरच्याच खांद्यावर, पिशवीच्या पट्ट्यावर डोकं ठेवून. ‘मी हात धरला तुमचा,’ ती म्हणत राहिली. सिस्टर म्हणाली, ‘धरतात. धरायलाच पाहिजे आयांनी. काही आया चावल्यासुद्धा आहेत.’

मला तिला काहीतरी द्यायचं होतं. वस्तू नव्हे. जे माझ्या बायकोला कोणी दिलं नाही ते. मी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेलो. म्हटलं, ‘सिस्टर, हे दारात थांबणं तुम्हाला कोणी शिकवलं?’ आणि उत्तर यायच्या आत मी सांगायला लागलो, की माझी मिसेस अशीच थांबायची, मुलांच्याच वॉर्डात होती, पुलापलीकडच्या दवाखान्यात, उंच होती, केसांत कायम पेन खोचलेलं असायचं, तुम्ही तिच्या हाताखाली काम केलं असेल. मला खात्री होती. मला वाटत होतं की ती आता हो म्हणेल, आणि बायको थोडीशी परत मिळेल.

ती विचार करून म्हणाली, ‘नाही हो आजोबा. मी इकडची नाहीच. मला खरं तर कोणी शिकवलं नाही. आधी मीही सरळ आत जायचे आणि मुलं भोकाड पसरायची. मग एकदा हातात ट्रे होता, दार पायाने ढकललं आणि ते अर्ध्यात अडकलं. तशीच उभी राहिले. तेव्हा आतलं मूल पहिल्यांदा नीट दिसलं मला.’

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते माझ्या बायकोचं आहे, तिच्या हाताचं, तिच्या चपलेचं. आणि इथे एक परकी पोरगी, एका अडकलेल्या दाराने तिला ते दिलं होतं. जिन्यावर थंड हवा येत होती. मग हळूहळू दुसरं काही वाटायला लागलं. म्हणजे ते गेलेलं नव्हतं. ते कुठेही उगवतं, कोणत्याही दारात, फक्त कोणाला तरी थांबावं लागतं. मी म्हटलं, ‘सिस्टर, आज तुम्ही फार बरोबर पाहिलंत.’ यापेक्षा मोठं वाक्य मला सुचलं नाही. ती म्हणाली, ‘ड्यूटीच आहे आजोबा.’ मी म्हटलं, ‘नाही. ड्यूटी यंत्र वाचायची होती. तुम्ही मूल पाहिलंत.’ तिने पिशवीचा पट्टा नीट केला, दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वळली आणि म्हणाली, ‘तुमच्या मिसेसना कोणी असं म्हणालं होतं का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘मग त्यांचंही घेऊन जाते मी,’ ती म्हणाली, आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीला पुन्हा खाली आणलं, त्याच खोलीत. मुलगी अंघोळ करून येते म्हणून घरी गेली होती. मी एकटा होतो आणि भिंगरी हातावरच्या चिकटपट्टीवर भयंकर चिडली होती. ती ओरडत होती, आजोबा काढ, आजोबा काढ, आणि मी नाही म्हटलं की माझ्या पोटात लाथ मारत होती. छातीतून शिट्टी येत होती, बारीक, नियमाने. मी ती शिट्टी एखादं गाणं ऐकावं तशी ऐकत होतो. पडदे पिवळे होते. बुडबुडे चालले होते. बाकीचं थोडं धूसर होतं, कारण मला पुन्हा पेंग येत होती आणि लाथांनीच ती मोडत होती.

पावलं आली, दारापर्यंत आली, थांबली.

मी मान वळवली. एक हात चौकटीवर, एक पाय आत, एक बाहेर, ओले केस. भिंगरीची पाठ होती, तिला कळलं नव्हतं. मी हाक मारणार होतो तेवढ्यात माझ्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं. ती पाहत होती. लेकीची पाठ, बरगड्या, लाथा मारणारे पाय, ओरडताना लाल झालेले कान. तिचे ओठ किंचित हलत होते, जसं कोणीतरी नव्याने वाचायला शिकतं तसं. घाई नव्हती तिला. मग तिची नजर माझ्यावर आली. माझा हात आपोआप पोटाकडे गेला, आणि मी तो खाली घेतला. जसा होतो तसा बसून राहिलो.

‘बाबा,’ ती दारातूनच म्हणाली, ‘तुम्ही कालपासून काही खाल्लेलं नाही.’

‘नाही,’ मी म्हणालो.

मग ती आत आली.